तरंगला म्हणून प्लास्टिक?

रेशनच्या तांदळात प्लास्टिक मिसळलंय, हे 'सिद्ध' करणारा व्हिडिओ बहुतेकांच्या मोबाइलवर कधी ना कधी येऊन गेला आहे. काचेचा ग्लास, त्यात पाणी, वरून मूठभर तांदूळ. बरेचसे दाणे तळाला जातात, पाच-सहा वर राहतात. कॅमेरा त्या पाच-सहा दाण्यांवर येतो आणि मागून आवाज येतो : "तांदूळ कधी पाण्यावर तरंगतो का? मग हे काय आहे, सांगा!" बघणाऱ्याने उत्तर द्यायच्या आत आवाजच ते देऊन टाकतो. प्लास्टिक. पुढचं काम ग्रुप करतात. गावच्या ग्रुपवरून भिशीच्या ग्रुपवर, तिथून शहरातल्या नातेवाइकांकडे, आणि दोन दिवसांनी तोच व्हिडिओ 'आमच्या तालुक्यातला' म्हणून परत गावात. घरोघरी बायका सूप घेऊन बसतात, वेगळे दिसणारे पांढुरके दाणे वेचतात आणि उकिरड्यावर टाकतात.

माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगतो. वस्तू पाण्यात टाकल्यावर तरंगली की बुडाली, यावरून एकच गोष्ट कळते : तिची सरासरी घनता पाण्यापेक्षा कमी आहे की जास्त. ती कशाची बनली आहे, खाण्याजोगी आहे की नाही, अस्सल की भेसळीची, हे त्यातून कळत नाही. ग्लासातल्या पाण्याने दिलेली साक्ष एवढीच असते. बाकीचं सगळं आपण त्याच्या तोंडी घातलेलं असतं.

आणि हेही आधीच सांगतो, की हा लेख सूप घेऊन बसलेल्या बाईच्या विरोधात नाही. दाणा वेगळा दिसला, तिने तो पाण्यात टाकून पाहिला. शंका आली तर करून बघावं, हे शिकवायला आपण शाळा काढतो, आणि तिने तेच केलं. माझं भांडण आहे ते प्रयोगाला नको तो निष्कर्ष चिकटवणाऱ्यांशी. त्यात विज्ञान शाखेचे पदवीधर आहेत, आर्किमिडीजच्या तत्त्वावर पैकीच्या पैकी मार्क मिळवलेले आहेत, आणि 'खातरजमा न करता' बातमी लावणारेही आहेत.

तो तरंगणारा दाणा आहे तरी काय? १५ ऑगस्ट २०२१ रोजी पंतप्रधानांनी लाल किल्ल्यावरून जाहीर केलं, की सरकारी योजनांतून वाटला जाणारा तांदूळ २०२४ पर्यंत फोर्टिफाइड, म्हणजे पोषक घटक वाढवलेला, असेल. रेशन, शाळेतला पोषण आहार, अंगणवाडी, सगळीकडे. या तांदळात साधारण शंभराला एक या प्रमाणात घडवलेले दाणे मिसळतात, म्हणजे किलोमागे १० ग्रॅम. ते घडवतात असे : तांदळाचं पीठ घ्यायचं, त्यात लोह, फॉलिक ॲसिड आणि ब१२ जीवनसत्त्व यांची पूड मिसळायची, पाणी घालून मळायचं, आणि उष्णता देऊन दाबाखाली साच्यातून बाहेर काढायचं. कुरडईचा सोऱ्या ज्या तत्त्वावर चालतो, त्याच तत्त्वावर हे यंत्र चालतं. साच्याचं भोक दाण्याच्या आकाराचं, बाहेर पडलेल्या पिठाचे पात्याने तुकडे होतात आणि ते वाळवले जातात. नियमानुसार अशा १ किलो तांदळात २८ ते ४२.५ मिलिग्रॅम लोह असावं लागतं. ते वाढीव लोह सगळंच्या सगळं त्या १० ग्रॅम दाण्यांत असतं. उकिरड्यावर जातात ते नेमके हेच दाणे.

आता हा दाणा तरंगतो का? काही तरंगतात, काही नाही. याचं कारण समजायला फार मोठं गणित लागत नाही.

पाण्यात शिरलेल्या वस्तूला पाणी वर ढकलतं. किती जोराने? वस्तूने जेवढं पाणी बाजूला सारलं, त्याच्या वजनाइतक्या. आठवीच्या विज्ञानात 'बल व दाब' या पाठात हे येतं आणि बहुतेकांच्या डोक्यात ते परीक्षेपुरतं राहतं. मागे उरतं ते 'जड बुडतं, हलकं तरंगतं' हे अर्धवट वाक्य. पण ओंडका माणसाहून जड असून तरंगतो आणि टाचणी कागदाहून हलकी असून तळाला जाते. सुमारे ४५ हजार टनांची विक्रांत ही विमानवाहू नौका समुद्रावर राहते, कारण तिच्या पोलादाबरोबर तिच्या पोटातली सगळी पोकळीही पाणी बाजूला सारते. तेव्हा वजन एकटं काही ठरवत नाही आणि आकारमानही एकटं ठरवत नाही. ठरवतो तो दोघांचा भागाकार, आणि तोही पोटातल्या हवेसकट धरलेला.

हेच दाण्याला लावा. घट्ट भरलेल्या तांदळाच्या दाण्याची घनता पाण्याच्या साधारण १.४ पट असते, म्हणून तो बुडतो. आता यंत्रातून निघालेला दाणा घ्या. दाबाखालचं गरम ओलं पीठ साच्याबाहेर येताना त्यातल्या वाफेला वाट मिळते आणि मागे बारीक पोकळ्या राहतात. समजा, अशा दाण्याच्या १०० भागांपैकी २८ भाग हवा आहे आणि ७२ भाग घट्ट पीठ. ७२ गुणिले १.४ म्हणजे १००.८. तेवढ्याच आकाराचं पाणी १००. दाणा पाण्याहून किंचित जड, म्हणजे बुडणार. आता हवा २९ भाग करा, पीठ ७१. गुणाकार ९९.४. दाणा तरंगणार. पीठ तेच, यंत्र तेच, गोणी तीच. शंभरात एका भागाचा फरक पडला आणि निकाल उलटा झाला. एवढ्याशा फरकाने पारडं फिरवणारी परीक्षा 'हे अन्न की प्लास्टिक' या प्रश्नाचा निवाडा कसा करणार?

कुणाला गणित नको असेल तर त्याने चुरमुरे घ्यावेत. चुरमुरे तांदळाचेच असतात. दाणा भाजला, फुलला, आत हवा भरली. पाण्यात टाकले की सगळेच्या सगळे वर. 'तांदूळ कधी तरंगतो का?' या प्रश्नाचं उत्तर प्रत्येक भेळवाल्याच्या डब्यात आहे. भडंगात प्लास्टिक असतं, असं म्हणणारा मला अजून भेटलेला नाही.

मग प्रतिपक्षाचं पहिलं हत्यार बाहेर येतं : "आम्ही आमच्या डोळ्यांनी बघितलंय." हे हत्यार जुनं आहे. १६११ साली फ्लॉरेन्समध्ये गॅलिलिओचा ॲरिस्टॉटलच्या अनुयायांशी याच विषयावर वाद पेटला होता. मुद्दा होता बर्फाचा. त्या पंडितांचं म्हणणं असं, की बर्फ म्हणजे आकसून घट्ट झालेलं पाणी, म्हणजे पाण्याहून जड. तरीही तो तरंगतो, कारण त्याचा पसरट आकार पाणी कापू शकत नाही. गॅलिलिओ म्हणाला, बर्फ पाण्याहून हलका आहे आणि आकाराचा इथे संबंध नाही. त्यावर लुदोव्हिको देल्ले कोलोम्बे नावाच्या विरोधकाने प्रात्यक्षिक दाखवलं. आबनुसाचं लाकूड पाण्याहून जड असतं. त्याचा गोळा पाण्यात टाकला, बुडाला. त्याच लाकडाची पातळ चकती अलगद पाण्यावर ठेवली, ती वर राहिली. झालं, आकारानेच तरंगणं ठरतं, आणि हे सगळ्यांनी डोळ्यांनी बघितलं!

गॅलिलिओने डोळ्यांवर अविश्वास दाखवला नाही. तो म्हणाला, आणखी नीट बघा. चकती पाण्याच्या पातळीच्या किंचित खाली, एका खळग्यात बसलेली असते. तीच चकती आधी पूर्ण भिजवून पाण्यात सोडा, ती बुडते. आकार तोच राहिला, मग तरंगणं कुठे गेलं? आज आपण जाणतो, की त्या कोरड्या चकतीला पाण्याचा पृष्ठताण पेलून धरतो, घनतेशी त्याचा संबंध नाही. गॅलिलिओकडे ही कल्पना नव्हती आणि त्याचं स्पष्टीकरण अपुरं होतं. पण परीक्षा कशी घ्यायची, हे त्याने बरोबर दाखवलं. १६१२ साली या वादावरचा ग्रंथ त्याने लॅटिनमध्ये न लिहिता लोकांच्या इटालियनमध्ये लिहिला.

ग्लासातल्या व्हिडिओंना हा आबनुसाचा दोषही असतोच. कोरडे दाणे अलगद सोडले, तर साध्या कोलमचेही काही दाणे क्षणभर वर राहतात. बोटाने दाबून भिजवले की मुकाट खाली जातात. तेव्हा व्हिडिओ बघताना पहिला प्रश्न हा विचारावा : वर राहिलेला दाणा कुणी दाबून बघितला का? पोकळ्यांचा दाणा दाबला तरी वर येईल, नुसता कोरडा दाणा बुडेल. आणि पोकळ्यांचा दाणाही पाण्यात बराच वेळ राहिला तर पाणी आत शिरतं, हवा बाहेर पडते आणि तोही जड होत जातो. व्हिडिओ इतका वेळ चालत नाही. तो निष्कर्षाशी येऊन संपतो.

दुसरं हत्यार : "पण प्लास्टिक तर तरंगतंच ना?" काही तरंगतं, काही नाही. घरात पडलेली पाण्याची रिकामी बाटली घ्या. तिच्या अंगाचा नखाएवढा तुकडा कापा, तेवढाच तुकडा टोपणाचा कापा. दोन्ही पाण्याखाली धरून, चिकटलेले बुडबुडे झटकून सोडा. टोपणाचा तुकडा वर येईल, बाटलीचा तळाला जाईल. दोन्ही प्लास्टिक. टोपण बनतं ते पॉलिप्रोपिलीन किंवा पॉलिथिलीनचं, त्यांची घनता पाण्याहून थोडी कमी. बाटली पेटची, तिची १.३८. नळकामाचा पीव्हीसी पाइप साधारण १.४. भंगारातलं प्लास्टिक वेगवेगळं करणारे कारखाने याच गुणावर चालतात : चुरा पाण्यात टाकायचा, टोपणं वरून काढायची, बाटल्या खालून.

आकडे पुन्हा बघा. पेट १.३८, तांदूळ साधारण १.४. उद्या एखाद्याने खरोखरच बाटल्या वितळवून तांदळाच्या आकाराचे दाणे पाडले, तर ते तळाला जाऊन शहाण्या तांदळासारखे बसतील. म्हणजे ही परीक्षा पिठाच्या दाण्याला चोर ठरवते आणि बाटलीच्या प्लास्टिकला सोडून देते. तळाला जातो तोच अस्सल तांदूळ असं धरलं, तर सगळ्यांत अस्सल ठरेल तो खडा.

तिसरं हत्यार सर्वांत वजनदार आहे आणि ते मी हलक्यात काढणार नाही. "पाण्याची परीक्षा आमच्या बापजाद्यांपासून चालत आली आहे. शेतकरी बियाणं पाण्यातच बघतो. मिरीत पपईच्या बिया आहेत का, हे पाण्यात टाकून बघा, असं तर सरकारचंच खातं सांगतं." दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. भाताचं बियाणं पेरण्याआधी १० लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ विरघळवून त्यात टाकतात. पोचट दाणे वर येतात, ते काढून टाकायचे. भरलेले तळाला राहतात, ते स्वच्छ पाण्याने धुऊन सावलीत वाळवायचे आणि पेरायचे. मीठ घालायचं कारणही घनताच. मिठाने पाणी जरा जड होतं आणि साध्या पाण्यात कसेबसे बुडणारे अर्धवट भरलेले दाणेही वर येतात. चाळणीचं भोक बदलावं तशी शेतकरी इथे पाण्याची घनता बदलतो.

पण तिथला प्रश्न काय होता, हे बघा. भात आहे की आणखी काही, हा प्रश्नच नव्हता. भातच आहे, फक्त दाणा भरलेला की पोकळ, एवढंच विचारायचं होतं. तो प्रश्न घनतेचाच, म्हणून पाणी त्याचं नेमकं उत्तर देतं. मिरीचंही तसंच. मिरी आणि पपईची बी या दोनच शक्यता आहेत, आणि वाळलेली पपईची बी पाण्यावर राहते हे आधीपासून माहीत आहे. तिथेही शहाणा माणूस सावध असतो, कारण पूर्ण न भरलेली हलकी मिरीही तरंगते. म्हणून तरंगणारा दाणा उचलून फोडून, चावून बघायचा असतो. तरंगणं ही तपासाची सुरुवात असते, निकाल नसतो. अंड्याचंही हेच. जुनं अंडं तरंगतं, कारण कवचातून पाण्याचा अंश निघून जातो आणि आतली हवेची जागा वाढते. त्यावरून अंडं शिळं आहे एवढं कळतं. बापजाद्यांनी पाण्याला विचारलेला प्रश्न आणि आपण विचारतोय तो प्रश्न एक नाही. त्यांच्या परीक्षेचा दाखला घ्यायचा, तर त्यांचा विवेकही घ्यायला हवा.

मधाच्या बाबतीत तर हा घोटाळा रोज होतो. "खरा मध ग्लासात सरळ तळाला जातो", हे सांगणारे डॉक्टरसुद्धा भेटतात. जातो, कारण मधाची घनता साधारण १.४. पण साखरेचा किंवा गुळाचा घट्ट पाकही तितकाच जड असतो आणि तितक्याच सरळ तळाला जातो. म्हणजे ज्या पाकाची भेसळ ओळखायची, तोच या परीक्षेत पहिल्या वर्गात पास होतो. सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट या संस्थेने २०२० च्या डिसेंबरमध्ये दाखवून दिलं, की काही पाक तर प्रयोगशाळेतल्या ठरलेल्या चाचण्यांनाही चकवतात. तिथे ग्लासाची काय कथा!

दुधाच्या धंद्यातल्या माणसाला हे वेगळं सांगावं लागत नाही. गाईच्या दुधाची घनता १.०३ च्या आसपास, आणि लॅक्टोमीटर तीच मोजतो. दुधात पाणी घातलं की डिग्री पडते. पण दुधातली साय काढली की डिग्री वाढते, कारण स्निग्धांश पाण्याहून हलका असतो. आता साय काढून घ्या, मग हिशोबाने पाणी घाला. डिग्री जागच्या जागी! दोनदा लुटलेलं दूध लॅक्टोमीटरवर निर्मळ दिसतं. साखर किंवा मीठ घालूनही पडलेली डिग्री वर आणता येते. म्हणूनच गावच्या डेअरीत नुसत्या डिग्रीवर दूध घेत नाहीत, फॅटही लावतात, आणि शंका आली तर साखर, युरिया, स्टार्च यांची वेगळी तपासणी करतात. घनता हा एक आकडा आहे, आणि एकाच आकड्याला पोचणाऱ्या वाटा अनेक असतात. हे ज्ञान पहाटे चार वाजता किटल्या लावणाऱ्या माणसाला आहे. ग्रुपवर व्हिडिओ टाकणाऱ्या पदवीधराला नसावं, ही आपल्या शिक्षणाची गंमत आहे.

याच चुकीची उलटी बाजूही आपल्याकडे जोरात चालते. दगड तरंगला की तो चमत्काराचा. प्यूमिस हा ज्वालामुखीतून निघणारा, फेसासारखा सच्छिद्र दगड आहे. १८८३ साली क्राकाटोआचा स्फोट झाला, तेव्हा त्याचे तराफ्यांएवढे थर महिनोनमहिने हिंदी महासागरावर वाहत होते. तांदूळ तरंगला की कारस्थान आणि दगड तरंगला की कृपा. दोन्हीकडे पाण्याने सांगितलं एवढंच, की आत हवा आहे.

आता कुणी म्हणेल, जाऊ द्या, लोक सावध राहिले तर बिघडलं काय? बिघडतं. डिसेंबर २०१६ मध्ये नायजेरियात सीमाशुल्क खात्याने अडीच टन 'प्लास्टिकचा तांदूळ' पकडल्याची बातमी जगभर गाजली. तिथल्या अन्न व औषध नियंत्रण संस्थेने तपासलं तेव्हा तो तांदूळ निघाला, पण त्यात जिवाणूंचं प्रमाण मर्यादेबाहेर होतं. म्हणजे माल खाण्याजोगा नव्हताच, फक्त कारण वेगळं होतं. गाजलं प्लास्टिक. जिवाणूंकडे कोण बघतो? खोट्या आरोपाचं हे मोठं नुकसान असतं. खरा दोष त्याच्या आड लपून बसतो.

आपल्याकडेही नेमकं तेच झालं आहे. फोर्टिफाइड तांदळाबद्दल विचारण्याजोगे खरे प्रश्न आहेत, आणि प्लास्टिकच्या गोंगाटात ते कुणाला ऐकू जात नाहीत.

पहिला प्रश्न सांगण्याचा. या तांदळाच्या गोणीवर छापील खूण आणि माहिती असते. पण रेशन दुकानात तांदूळ सुटा मोजून मिळतो. गोणी दुकानदाराकडे राहते, पिशवीत येतात ते नुसते दाणे. ज्या घरात हा तांदूळ शिजणार, त्या घराला 'यात शंभराला एक दाणा वेगळा दिसेल, तो पिठाचा आहे, टाकू नका' हे एक वाक्य जर कुणी सांगितलं नसेल, तर त्या घराने शंका घ्यायची नाही तर काय करायचं?

दुसरा प्रश्न आजाराचा. थॅलेसेमिया आणि सिकलसेल असलेल्यांनी लोहयुक्त अन्नाबाबत काय करावं, याची सूचना पाकिटावर छापणं २०१८ च्या नियमांनुसार बंधनकारक होतं. सिकलसेलच्या रुग्णांनी असं अन्न खाऊ नये, असंच तिच्यात म्हटलं होतं. पुढे केंद्राच्या समितीने धोका दिसत नाही असा निष्कर्ष काढला आणि २०२४ साली ती सूचना काढून टाकली. नंदुरबार, गडचिरोलीसारख्या जिल्ह्यांत सिकलसेलचे रुग्ण मोठ्या संख्येने आहेत. त्यांना आधीची सूचना तरी कळली होती का, आणि ती का काढली हे तरी कुणी समजावलं का?

तिसरा प्रश्न उपयोगाचा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. प्रश्न मोठा आहे यात वाद नाही. पण २०१९ च्या कॉक्रेन आढाव्यात असं दिसलं, की लोहयुक्त तांदळाने रक्तक्षयाच्या प्रमाणात फारसा फरक पडत नसावा. मग एवढ्या मोठ्या खर्चाचा हिशोब सरकारने मांडायला नको का?

आणि चौथा प्रश्न खुद्द तरंगण्याचा. आपल्याकडे तांदूळ धुऊन, रोळून घेतात. धुताना वर आलेलं पाण्याबरोबर ओतून देतात, कोंडा, पोचट दाणे, किडे सगळं. आता लोह भरलेला दाणाच वर येत असेल, तर तो पहिल्याच पाण्याबरोबर मोरीत जाणार. शंभरातला जो एक दाणा पोटात जायला हवा, तोच गटारात. म्हणजे तरंगणं हा दोष आहेच! दाणा घडवणाऱ्याने तो तांदळाइतका घट्ट घडवायला हवा होता. व्हिडिओ काढणाऱ्याने खरा दोष शोधून काढला होता, आणि चुकीचं नाव देऊन तो वाया घालवला. 'तुमचा दाणा धुताना वाहून जातो, मग लोह जातं कुठे?' या प्रश्नावर खात्याची बोलती बंद झाली असती. 'हे प्लास्टिक आहे' म्हटल्यावर खात्याला 'अफवांवर विश्वास ठेवू नका' असं पत्रक काढून हात झटकता आले.

दाण्याचीच खात्री करायची असेल, तर प्रश्नाला साजेशी परीक्षा घ्यावी. पदार्थ कोणता हे विचारायचं, तर पदार्थाच्या स्वभावाला हात घालायला हवा. दाणा चिमट्यात धरून ज्योतीवर न्या. बाटली किंवा टोपणासारखं प्लास्टिक मऊ पडून वितळतं, ओघळतं. पिठाचा दाणा करपतो, काळा पडतो आणि करपलेल्या भाकरीसारखा वास येतो. दुसरा दाणा ठेचून ओला करा आणि त्यावर औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या आयोडीनच्या द्रावणाचा थेंब टाका. पिष्ट असेल तर निळा-काळा रंग चढतो. प्लास्टिक तो रंग घेत नाही. भाताचा गोळा चेंडूसारखा उसळला म्हणूनही घाबरू नका. शिजलेलं पिष्ट चिकट आणि लवचीक असतं, तो तर भाताचा गुणच आहे. एवढं करूनही समाधान झालं नाही, तर अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ च्या कलम ४० नुसार कोणत्याही ग्राहकाला शुल्क भरून आपण विकत घेतलेलं अन्न सरकारमान्य विश्लेषकाकडून तपासून घेता येतं. व्हिडिओपेक्षा तो अहवाल जास्त बोलतो.

एवढं झाल्यावर साधा व्यवहारही बघावा. भेसळ करणारा नफ्यासाठी भेसळ करतो. प्लास्टिकचा कच्चा माल तांदळाच्या कणीपेक्षा महाग पडतो. स्वस्त मालात महाग माल मिसळून तोटा करून घेणारा भेसळखोर अजून जन्माला यायचा आहे.

तेव्हा वाचकांना विनंती एवढीच. पुढचा ग्लासाचा व्हिडिओ आला, तर तो पुढे ढकलण्याआधी एक दाणा दाबून, जाळून, आयोडीन लावून बघा. ते दाणे टाकू नका. आणि तक्रार करायची असेल तर जरूर करा, लेखी करा, पण त्यातून 'प्लास्टिक' हा शब्द काढा. गोणीवर काय छापलं होतं, ते आम्हाला का सांगितलं नाही, आमच्या घरात सिकलसेलचा रुग्ण आहे त्याने काय खायचं, आणि धुताना वाहून जाणाऱ्या दाण्यांचं काय, हे विचारा. प्लास्टिकच्या आरोपातून दुकानदारापासून मंत्र्यापर्यंत सगळे सुटतात. या चार प्रश्नांतून कुणालाच सुटता येणार नाही.